लिंबावर मोबाइल चार्ज होत नाही

एका लिंबात तांब्याची तार आणि खिळा खोचा, चार्जरची वायर जोडा, मोबाइल चार्ज! हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी हेच केलं. मोबाइल ढिम्म. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती रडकुंडीला आली. तिचं काहीही चुकलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

‘लिंबात वीज असते.’ नसते. ऊर्जा येते ती खिळ्यावरच्या जस्ताच्या मुलाम्यातून. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून रसात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे रसातल्या हायड्रोजन आयनांना मिळतात. लिंबाचं काम आंबट रस पुरवण्याचं. दोन्ही बाजूंना तांब्याचीच तार खोचून बघा, लिंबू कितीही रसरशीत असो, हाती काही लागत नाही. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत रचून वीज मिळवली. त्यात फळ नव्हतंच.

‘एक लिंबू पुरतं.’ मल्टिमीटर लावला की ०.९ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, आणि तो खरा असतो. फसगत पुढे आहे. प्रवाह घ्यायला लागलं की तो आकडा कोसळतो, कारण लिंबाचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळा, फार मोठा. एक मिलिअँपियर मिळणंही मुश्कील. साधा चार्जर ५ व्होल्टला १ अँपियर, म्हणजे ५ वॅट देतो. एका लिंबाचा एक दशांश मिलिवॅट धरला, तर पन्नास हजार लिंबं लागतील! २०२१ मध्ये मँचेस्टरला २,९२३ लिंबं जोडून २,३०७.८ व्होल्टचा विक्रम झाला. पण एकामागे एक जोडलेल्या लिंबांतून प्रवाह एका लिंबाइतकाच वाहतो.

‘नंतर सरबत करा.’ अजिबात नको. त्या रसात जस्त विरघळलेलं असतं. लिंबं टाकून द्या.

मग लिंबावर चालतं काय? एकामागे एक जोडलेली चार लिंबं, चार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) खिळे, तांब्याच्या तारांचे चार तुकडे आणि एक लाल एलईडी. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या बाजूला. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, तेवढे मिळतात. उकडलेला बटाटा त्याहून बरा: उकडल्याने रोध घटतो आणि कच्च्या बटाट्याच्या दहापटीपर्यंत शक्ती मिळते, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं.

त्या मुलीचा एलईडी लागला. उजेड इतका मंद की ओंजळ धरून बघावा लागला. आता तिने आईकडे कुकरमध्ये चार बटाटे जास्तीचे लावायला सांगितलंय.