अंगठ्याचं ऐकतो, बोटांचं ऐकत नाही

आज जरा डोकं फिरलेलं आहे, आधीच सांगतो. ज्यांना टचस्क्रीनचं कौतुक आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

परवा गोव्यात फोंड्याकडच्या एका देवळात सत्यनारायणाची महापूजा होती आणि संध्याकाळी आमचा ऑर्केस्ट्रा. देवळाचा मंच म्हणजे चपला-बूट खाली काढून वर चढायचं. त्यात नवीन काही नाही, जत्रांना आणि पूजांना मी वर्षानुवर्षं अनवाणीच गिटार वाजवत आलोय. नवीन आहे तो प्रोसेसर. म्हणजे अँप मॉडेलर हो, गिटारच्या अँप्लिफायरांच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र, पण आमच्याकडे सगळे त्याला प्रोसेसरच म्हणतात. तळहाताएवढी रंगीत काच, तिच्याखाली पायाने दाबायच्या बटणांच्या दोन रांगा, आणि आत म्हणे जगातले झाडून सगळे अँप. किंमत सांगत नाही. घरी सांगितली त्यापेक्षा बरीच जास्त आहे, एवढं पुरे.

तिसरं की चौथं गाणं. संथ भावगीत, गाणारी बाई डोळे मिटून गातेय, मंडप शांत. मी वरच्या रांगेतलं बटण पायाने दाबलं आणि माझा अंगठा पुढे सरकून काचेला लागला. बूट असता तर काचेला पत्ताही लागला नसता. पण उघडा अंगठा म्हणजे काचेच्या दृष्टीने बोटच की! समोर डिलेचं, म्हणजे पडसादाच्या इफेक्टचं, पान उघडं होतं. पाय उचलताना अंगठा घसरला आणि त्याच्याबरोबर मिक्सची, म्हणजे पडसाद किती मिसळायचा त्याची, पट्टी थेट शंभरावर.

देवळाच्या मंडपात आवाज आधीच घुमतो. त्यात हे. मी एक सूर छेडला की चार परत येत होते. बाईंनी डोळे उघडले. पुढच्या रांगेतले काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी प्रसादात मीठ घातलंय. साउंडवाला तिकडून ओरडतोय, ‘‘एको कमी कर रे, एको!’’

कमी कर! कसा? उजव्या हातात तारा छेडायची पिक. डाव्या हाताच्या बोटांना तारांनी पडलेले घट्टे. वर मे महिना, मंडपात पंखा फक्त भटजींच्या बाजूला, आणि कोपरापर्यंत घामाचे ओघळ. मी वाकलो, काचेवर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही. शर्टाला पुसून तिसऱ्यांदा ठेवलं तर मिक्सच्या शेजारची पट्टी हलली. फीडबॅकची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिलेचा फीडबॅक फार वाढवला की प्रत्येक पडसादाचा पुन्हा पडसाद येतो आणि आवाज विरायच्या ऐवजी चढत जातो. गिटारचा व्हॉल्यूम बंद केला तरी थांबत नाही, कारण आता तो गिटारमधून येतच नसतो, यंत्राच्या पोटातच गरगरत असतो. देवळात विमान उतरतंय असं वाटायला लागलं.

अनवाणी अंगठ्याचं पहिल्या फटक्यात ऐकलं, आणि गिटार वाजवणाऱ्या बोटांचं ऐकायला तयार नाही!

शेवटी थांबवलं कसं? मास्टर व्हॉल्यूमचा नॉब फिरवून शून्यावर आणला. त्या अख्ख्या यंत्रावर तो एकच खराखुरा नॉब आहे. न बघता हात तिथे गेला, एका झटक्यात शांतता. उरलेलं गाणं गिटारशिवाय झालं. बाई नंतर म्हणाल्या, तसं बरं वाटलं ऐकायला. ते वेगळंच लागलं मनाला.

आता शहाणे लोक सांगतात, अरे, ते पान बंद करून ठेवायचं ना. बरोबर, मी बंद केलं नव्हतं, चूक माझी. पण नॉबचं पान बंद करावं लागतं का कधी? दुसरे म्हणतात, स्क्रीन लॉक कर. म्हणजे साउंडवाला ‘‘ट्रेबल कमी कर’’ म्हणाला की आधी कुलूप उघडा, मग पडद्यावर त्या इफेक्टचा चौकोन, म्हणजे ब्लॉक, शोधा, मग तो उघडा, मग पट्टी पकडा. तोवर अंतरा संपतो. तिसरा तर थोरच. म्हणाला, टॅबलेटवर अॅप टाक आणि माइकच्या स्टँडला लाव. म्हणजे एका काचेने छळलं म्हणून दुसरी काच विकत घ्यायची?

यामागचं विज्ञान काही गहन नाही. काचेखाली विजेचं बारीक क्षेत्र असतं, बोट वीजवाहक असल्यामुळे ते तिथे बदलतं आणि यंत्राला कळतं, इथे स्पर्श झाला. घाम म्हणजे खारट पाणी, तेही वीजवाहकच. त्यामुळे थेंब पडला तरी काच गोंधळते. उलट घट्टा म्हणजे कोरडी, जाड, मेलेली कातडी, ती काचेला नीट जाणवतच नाही. म्हणजे ज्याने गिटार जास्त घासली त्याचं बोट जास्त निकामी. गोव्यात मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आणि पाऊस पडल्यावरही माणूस कोरडा कधी असतो? वातानुकूलित खोलीत बसून ज्याने हे बनवलं, त्याला एकदा मे महिन्यात संध्याकाळी साडेचारला किनाऱ्यावरच्या शॅकसमोर उभं करा. तिथे घाम सोडाच, उन्हाने पडदाच दिसत नाही. दिसतं ते आपलंच तोंड.

जुन्या मार्शल अँपवर सहा नॉब असायचे: प्रेझेन्स, बास, मिडल, ट्रेबल आणि दोन व्हॉल्यूम. संपलं. अंधारात, डोळे मिटून, दोन पेग लावून सुद्धा हात बरोबर जायचा. आणि हे डिजिटलचं दुखणं आहे असंही नाही हो. 1998 साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड नावाचा प्रोसेसर आला तोही डिजिटलच होता. लाल, काजूबियेच्या आकाराचा, आणि वर नॉबच नॉब. माझ्या मित्राकडे होता, ड्राइव्ह, म्हणजे आवाजाचा फाटकेपणा, वाढवायला त्याला कधी मॅन्युअल लागलं नाही. आजही फ्रॅक्टल कंपनीवाले टचस्क्रीन न घालता एफएम नाइन हा प्रोसेसर विकतातच. क्वाड कॉर्टेक्स या दुसऱ्या प्रोसेसरला मोठी टचस्क्रीन आहे, पण त्यांनी पायाची बटणंच नॉबसारखी फिरतील अशी केली, तेवढी अक्कल मला मान्य आहे. वाकावं लागतं, पण निदान पकडायला काहीतरी आहे.

बाकीच्यांना काय झालंय? मला वाटतं, ही यंत्रं मंचावर वाजवण्यासाठी नाही, दुकानात भुरळ घालण्यासाठी बनतात. काउंटरवर रंगीत चित्रं सरकवताना मीच नव्हतो का हरखलो? बोटाने अँप उचला, इथे ठेवा, तिथे ठेवा. घरी बसून साउंड बनवायला काच झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्यक्रमात मला चित्रं सरकवायची नसतात. मला तीन गोष्टी हव्या असतात: गेन, ट्रेबल, डिले. तिन्ही न बघता.

आणि हे फक्त आमचं रडगाणं नाही. 2017 मध्ये सिंगापूरजवळ जॉन एस. मॅक्केन ही अमेरिकी युद्धनौका आणि एक तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली, 10 खलाशी गेले. चौकशीत इतर कारणांबरोबर टचस्क्रीनवर चालणारी नियंत्रणं आणि त्यांचं अपुरं प्रशिक्षण यांवर बोट ठेवलं गेलं, आणि त्यांच्या नौदलाने वेगाचे हातदांडे परत बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसाठी खऱ्या बटणांना, दांड्यांना गुण देते. माझ्या डिलेने कोणी मरत नाही, कबूल. पण नजर दुसरीकडे असताना हाताला काहीतरी लागायला हवं, हे नौदलाला पटतं, मोटारवाल्यांना पटतं, मग गिटारवाल्यांनाच का पटत नाही?

हो, नॉब बिघडतात. इथल्या खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत खरखर सुरू होते. मग काय करायचं? क्लीनरचा फवारा मारायचा, दहा-बारा वेळा गरगर फिरवायचा, चालू. काच गेली की खोका बांधा, कुरिअर करा आणि वाट बघत बसा.

त्या रात्री तर घड्याळही मानेवर होतं. दहाला स्पीकर बंद, नाहीतर पोलीस दारात. पावणेदहाला मी अजून सेटिंग मूळ जागी आणत होतो. आमचा पेटीवाला शांतपणे शेजारी बसून म्हणतो, ‘‘तुज्या पेटयेक पडदो कित्याक जाय रे?’’ म्हणजे, तुझ्या पेटीला पडदा कशाला हवा? त्याच्या पेटीला भाता आहे, पट्ट्या आहेत, काम खलास. काय उत्तर देणार?

काल आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून काचेवर बसवलं आणि चारही बाजूंनी इन्सुलेशन टेप मारली. एवढ्या पैशांचं यंत्र, वर लिहिलंय ‘मँगो’. शिवाय कपाटातून जुना तीन नॉबचा डिले पेडल काढला आणि बायकोच्या नेलपॉलिशने नॉबवर ठिपका दिला, कुठवर फिरवायचा ते कळायला.

रविवारी म्हापशात रिसेप्शन आहे. तिथे बूट चालतात.