क्लास सापडला नाही तर गप्प बसावे

रत्नागिरीत बसून आंबा बागायतदारांसाठी सॉफ्टवेअर लिहिताय? मग दरपत्रकाच्या क्लासचं (दर काढणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) नाव कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलीत, मजकूर म्हणून ठेवा आणि ते शोधायला एक मेथड, म्हणजे फंक्शन, लिहा. मेथडचं नाव फक्त ‘शोधा’. सापडलं नाही तर ती काय करते हे नावावरूनच कळलं, तर लोक तुम्हाला विचारणार कशाला?

सापडलं नाही तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, द्या. ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा यात फार सोशिक. नावावरून क्लास शोधणारं तिथलं एनएसक्लासफ्रॉमस्ट्रिंग निल (तिथला नल) देतं आणि निलला पाठवलेला मेसेज मुकाट गिळला जातो. जावाचं क्लास.फॉरनेम मात्र भांडखोर, थेट क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, म्हणजे ‘क्लास सापडला नाही’ असा एरर, अंगावर टाकतं. तेही चेक्ड, म्हणजे ते हाताळल्याशिवाय कोड पुढे न जाऊ देणारा कंपायलरही त्याच्याच बाजूने. घाबरू नका. कॅच (एरर झेलणारा ब्लॉक) लिहा, आत काही लिहू नका, कंस मिटा.

मग ऐन एप्रिलात मजा बघा. कॉन्फिगमध्ये कोणीतरी हापूसच्या स्पेलिंगात ‘यू’ऐवजी दोन ‘ओ’ घातलेत. तुमची मेथड गप्प. पेट्या वाशीला पोचल्या, विकल्या गेल्या, आणि विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीवर दर शून्य! बागायतदाराचा फोन येईल, “काय रे, आंबे दान केलेस काय?” तुम्ही दिवसभर पट्टी छापणारा कोड उसवत बसा, चूक तिथे नाहीच.

स्मॉलटॉक भाषेवाल्यांचं अ‍ॅट-इफअ‍ॅबसेंट चुकूनही वापरू नका. नाव सापडलं नाही तर काय करायचं, हे तिथे विचारणाराच सांगतो. रूबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्येही दोन वेगळ्या मेथड: कॉन्स्टंटाइझ ओरडते, सेफ-कॉन्स्टंटाइझ निल देते. इतका उघड व्यवहार झाल्यावर भांडायला उरतं काय?

क्लासचं नाव वेब फॉर्ममधून आलं तरी तसंच घ्या. कुठली नावं चालतील याची यादी करणं म्हणजे पाहुण्यावर अविश्वास. लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीनेही मोठ्या मनाने लॉगमधल्या मजकुरावरून लुकअप करून परक्या सर्व्हरवरचा क्लास घरात घेतला होता; डिसेंबर २०२१ मध्ये जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली, ते सोडा. शिवाय फॉरनेम नुसतं शोधत नाही, क्लासचा स्टॅटिक ब्लॉकही (क्लास सुरू होतानाच चालणारा कोड) चालवून मोकळं होतं. जावाचंच लोडक्लास तसं करत नाही, म्हणून ते कंटाळवाणं.

आता कोणीतरी म्हणेलच की दरपत्रकं तीनच, हापूस, पायरी, केशर; तीन ओळींचा मॅप (नाव आणि त्याचा क्लास यांची जोडयादी) पुरला असता, आणि क्लासचं नाव चुकलं असतं तर कंपायलरनेच पकडलं असतं. त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.