‘आजीचे सात नियम’ आणि भाजलेल्या हातावरची टूथपेस्ट

‘लहान मुलं असलेल्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक : आजीचे सात नियम’ असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला तो तिघींनी पाठवला. तिची धाकटी दहा महिन्यांची, मोठा चार वर्षांचा. हिंजवडीहून सिंहगड रोडला पोचेपर्यंत साडेसात होतात, मग कुकर लागतो. मेसेज वाचून तिने मला फोन केला, “ताई, मी मुलांचं काही चुकवतेय का हो?” म्हणून हे लिहायला बसले.

आधी तिसरा नियम, कारण तो धोकादायक आहे. ‘मुलाला भाजलं तर लगेच टूथपेस्ट लावा, नसेल तर हळद-तूप, वरून बर्फ. दवाखान्यात धावायची गरज नाही.’

हे कुणी लिहिलं असेल त्याने भाजलेलं मूल जवळून पाहिलेलं नाही. आमच्या इमारतीत दोन वर्षांच्या मुलाने ओट्याच्या कडेचं वरणाचं पातेलं ओढलं होतं. घरच्यांनी घाबरून हातभर टूथपेस्ट फासली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती वाळून कडक झाली होती. जखम किती खोल आहे हे बघायला सिस्टरना ओल्या गॉजने ती आधी काढावी लागली, आणि पेस्टबरोबर कातडीही सुटत होती. तो आक्रोश मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलाय. हळदीनेही तेच होतं. कातडी पिवळी झाली की खालचा खरा रंग डॉक्टरांना दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं भाजण्याविषयीचं माहितीपत्रक कुणालाही वाचता येतं. काय करू नये ते त्यात सरळ सांगितलंय : पेस्ट, तेल, हळद, कापूस लावू नका. बर्फ लावू नका, इजा आणखी खोल जाते. फोड सुईने फोडू नका. हळदीचं नाव त्यात स्पष्ट आहे, म्हणजे ही ताकीद आपल्याच घरांसाठी आहे. बायका आणि मुलं बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच भाजतात, गरम पातेलं कलंडून किंवा जाळामुळे, हेही त्याच पत्रकात आहे.

मग करायचं काय? भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा 20 मिनिटं सांगते. बाकीचं अंग मात्र पांघरुणात उबदार ठेवायचं, तान्ही बाळं पटकन गार पडतात. हातातलं कडं, पायातले वाळे सूज चढायच्या आत काढायचे. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला गरम पाणी येतं, तेव्हा पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा. आणि मग डॉक्टर. घरी गाडी नसेल तर 108.

आता पहिला नियम : ‘बाळाला कडेवर घेऊनच स्वयंपाक करा, माया वाढते.’ फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की तेल कुठवर उडतं हे ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. कडेवरच्या बाळाचा चेहरा बरोबर त्या उंचीवर असतो आणि त्याचा हात झाऱ्याकडे जातो. गॅस बंद करा आणि मग हवं तेवढं कडेवर घ्या.

दुसरा : ‘रडणाऱ्या बाळाला मधाचं बोट चाटवा.’ एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. त्याने स्नायू लुळे पडतात. मध घरचा असो की शुद्ध, फरक पडत नाही.

‘कुकरमध्ये सगळं सत्त्व मरतं’ हा चौथा. कुकरमध्ये वेळ कमी लागतो आणि पाणी आतच राहतं. उलट भात वेळून पाणी ओतून दिलं की ब जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर जातात. पाचवा, दिवेलागणीनंतर भाजी न चिरण्याचा, उत्तर देण्यासारखा नाही.

सहावा नियम मात्र निम्मा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. ‘मुलांना स्वयंपाकात घ्या.’ घ्या ना. भाचा जमिनीवर बसून मटार सोलतो, कणकेच्या गोळीचा साप करतो, आणि स्वतः सोललेले मटार खातोही. पण मेसेजमध्ये पुढे ‘ओट्यावर शेजारी बसवा’ लिहिलंय. चार वर्षांचं मूल शेगडीपासून हातभर अंतरावर? पातेल्यांचे कान-दांडे आत वळवून ठेवा, मूल खाली बसवा.

राहिला सातवा : ‘पोळ्या बाईकडून करून घेणाऱ्या घरात संस्कार टिकत नाहीत.’ भावाकडे पोळ्यांना मावशी येतात. त्या पोळ्या लाटतात तेव्हा माझी भावजय धाकटीला भरवत असते. भाऊ साडेआठला येतो, त्याने काय करायचं याबद्दल सात नियमांत एक ओळ नाही, आणि मला याचा सगळ्यांत जास्त राग आलाय.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर आज लिहावं : भाजल्यावर टूथपेस्ट नको, वाहतं पाणी आणि डॉक्टर.