वायर काय, कुठलीही चालते!

सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचं ठरलं ना भो? मग आधी मेगापिक्सलवरून मनसोक्त वाद घाला. दोनचा की पाचचा, रात्री रंगीत दिसतं का, मोबाइलवर येतं का. वायरीचा विषय कुणी काढलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वायर पाहुण्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर शहाणा माणूस पैसा घालत नाही.

दुकानात जाऊन थ्री प्लस वनचं, म्हणजे चित्राची एक आणि विजेबिजेच्या तीन तारा एकत्र असलेल्या वायरीचं, सगळ्यात स्वस्त बंडल उचला. आतली तार तांबूस दिसते, पण तांबं नुसतं वरून, पोटात ॲल्युमिनियम. सीसीए म्हणतात तिला. दुकानदार ‘कॉपरच आहे’ म्हणेल. विश्वास ठेवा, आणि ब्लेडने खरवडून बघू नका. पांढरी निघाली की उगाच मन खट्टू होतं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. त्यात तार बारीक. त्यामुळे घरातून निघालेले १२ व्होल्ट केळीच्या बागेच्या फाटकापर्यंत पूर्ण पोहोचतच नाहीत. दिवसा तेवढ्यावर भागतं, घड झकास दिसतात. अंधार पडला की कॅमेऱ्यातले आयआरचे, म्हणजे अंधारात बघायचे, दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा बंद. बंद झाला की ओढ संपते, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा चालू. दिवे लागतात, पुन्हा बंद. उजाडेपर्यंत हाच खेळ. सकाळी वायरमन येतो, बघतो, ‘चालू तर आहे’ म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेतो.

तरी या वायरीचा एक गुण नाकारता येणार नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी कापून नेतात. ही मात्र कुणी फुकटसुद्धा नेणार नाही.

वायर टाकताना वेगळा पाइप कशाला? मोटारीच्या थ्री-फेज केबललाच टेपने बांधत न्या. दोघी शेजारी-शेजारी लांबवर गेल्या की मोटार सुरू होताच चित्रात आडव्या पट्ट्या सरकू लागतात. शेतीची लाइट रात्रपाळीला असते तेव्हा तर हमखास. शंकेखोर लोक सांगतील, दोन्हींत अंतर ठेवा, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. त्यांची शेती किती, ते आधी विचारा.

आयपी, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा, कॅमेरा घेतलात तर त्या कॅट सिक्स केबलची मर्यादा १०० मीटर सांगतात. विहीर तीनशेवर आहे? तारा पिळा, टेप मारा, पुढे चला. मध्ये सिग्नल पुढे ढकलणारा नेटवर्क स्विच, नाहीतर सरळ ऑप्टिकल फायबर, हे सगळे खर्चिक लोकांचे चाळे. आरजे ४५ला, म्हणजे या केबलच्या टोकाच्या पिनेला, तारा लावताना रंगांचा क्रम तुमच्या आवडीचा घ्या: केशरी जोडी, निळी, हिरवी, तपकिरी, ओळीने किती सुंदर दिसतात! दोन्ही टोकांना सारखं केलं की झालं, नाही का? तिसरी आणि सहावी तार एकाच पिळलेल्या जोडीतली असावी लागते म्हणे, आणि या क्रमात ती तशी येत नाही. टेबलावर चार फुटांत चालून दाखवतं ना, मग लांबवर रडलं तर कॅमेरा बदलून मागा.

बाहेरच्या कॅमेऱ्याला जोड झाकणारा जंक्शन बॉक्स अजिबात नको. चित्राची बीएनसी आणि विजेची डीसी पिन भिंतीवर मोकळी लोंबू द्या. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या आसपास खेळतो, त्या उन्हात साधी टेप सुटून गोंद तेवढा उरतो, आणि मृगाचं पाणी थेट जोडात उतरतं. वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ दिला तर थेंब तिथूनच गळून जातात. पण झोळ दिसायला गबाळा, म्हणून ती ताणून ठेवा. महिनाभरात पिनेवर हिरवा गंज चढतो; कॅमेरा निकृष्ट आहे हे तेव्हा घरच्यांना पटवून द्या.

राहिला डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी. कुलूपबंद कपाटात ठेवला तर सगळ्यांना कळणार कसं की आपल्याकडे डीव्हीआर आहे? काउंटरवर ठेवा, वर फुलांची प्लास्टिकची कुंडी ठेवा, सगळ्या वायरी मागे एकाच गुंत्यात सोडा आणि कशावरही चिठ्ठी लावू नका. चोर सरावलेला असतो. तो गुंता सोडवत बसत नाही, सगळ्या वायरी एका झटक्यात उपसून पेटीच काखोटीला मारतो. पोलिसांनी फुटेज मागितलं तर ठामपणे सांगा, ‘आहे ना साहेब, पण ज्याचं आहे त्याच्याकडेच आहे.’