सुपातल्या विड्या

गेल्या आठवड्यात एका नव्याने लिहू लागलेल्या मुलाचा फोन आला. "ताई, पेपरातल्या खऱ्या खुनावर रहस्यकथा लिहिली तर चालते का?" मी "चालते" म्हटलं, फोन ठेवला, आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

मी अशी कथा लिहिलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या सोलापुरात, पूर्व भागात, एका विडी कामगार बाईला नवऱ्याने मारलं. दारूला पैसे दिले नाहीत म्हणून. पेपरात चार ओळी आल्या. त्यातली एक ओळ होती, सुपात अर्ध्या वळलेल्या विड्या तशाच पडल्या होत्या. ते सूप पुढे कितीतरी वर्षं डोळ्यांसमोरून हलेना. दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली. नाव बदललं, पेठ बदलली, सूप तेवढं ठेवलं.

पण दारूच्या पैशांवरून झालेल्या खुनात रहस्यकथेला लागतं असं काहीच नसतं. मारणारा तिथेच बसलेला, कारण सगळ्या गल्लीला ठाऊक. मग मी नवऱ्याला निर्दोष केलं आणि बाईला एक गुपित दिलं. कारखान्यातल्या एका माणसाशी तिचं सूत जुळलेलं दाखवलं. कथा झकास बसली. संपादकांनी फोन करून कौतुक केलं.

गड्ड्याची जत्रा भरायच्या सुमारास एक मुलगी दारात आली. पंचवीस-सव्वीसची असेल. पिशवीत तो अंक, माझ्या कथेचं पान दुमडलेलं.

"अक्का, हे तुम्ही लिहिलंय ना? सूप खरंय. माझ्या आईचं ते. पण आईचं तसलं काही नव्हतं हो."

मी तिला आत बसवलं. चहा तसाच निवला. ती म्हणाली, "पुढचं तुम्हाला माहीत नाही. भिजवलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. कारखान्यातून पानं, तंबाखू वजनावर मिळते, तेवढ्या विड्या भरून द्याव्याच लागतात. तिसऱ्या दिवशी मी आणि आज्जीनं बसून वळल्या. सातवीत होते मी." बोलताना तिचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, पान वळताना फिरतो तसा. तिला ते कळतही नसावं.

आईला मारलेल्या घरात तिसऱ्या दिवशी विड्या वळणारी सातवीतली पोर. हे मला सुचलं नसतं. मला काय सुचलं, तर लफडं.

"नाव कुठे घेतलंय तिचं?" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, त्याची आजही लाज वाटते. मेलेल्या माणसाची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ते आहे. पण त्यात जवळच्या नातेवाइकांना दुखवायचा हेतू असावा लागतो. माझा हेतू कुठे होता? कायद्याने मी सुटले. त्या मुलीसमोर बसून मात्र सुटता येईना.

१९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून झाले. चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. आपण ते प्रकरण कोणत्या नावाने ओळखतो? जोशी-अभ्यंकर. मारल्या गेलेल्या घरांची आडनावं. मारणारे मारून गेले आणि नाव चिकटलं ते या घरांना. आपण लिहिणारे त्यात अजून काय काय चिकटवत असतो!

खऱ्या गुन्ह्याला हातच लावू नये, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. मग खून म्हणजे नुसतं कोडं उरतं, कुणी मेलंय असं वाटतच नाही. १ मार्च १९३२ रोजी अमेरिकेत वैमानिक लिंडबर्गचं वीस महिन्यांचं बाळ पळवून मारलं गेलं. तपासात लिंडबर्गच्या सासुरवाडीच्या घरातल्या मोलकरणीच्या मागे पोलीस लागले, तिने विष घेतलं. ती निर्दोष होती. रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीने १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' या आगगाडीतल्या खुनाच्या कादंबरीत यातलं बरंच घेतलं, संशयापायी जीव देणारी निर्दोष मोलकरीणसुद्धा. पण त्या लेकरावर किंवा त्या बाईवर एक डाग पडू दिला नाही. रहस्य सगळं आगगाडीतल्या जिवंत माणसांच्या पोटात आहे.

त्या मुलाला मला हेच सांगायचं होतं. घे, जरूर घे. पण गोष्ट बसत नाही म्हणून गेलेल्या बाईच्या पदरात गुपित टाकू नकोस. तिला उठून "नाही" म्हणता येत नाही. गुपितं हवीच असतील तर शेजारच्या भिंतीपलीकडे बघ, तिथे खूप सापडतील.

माझ्या कथासंग्रहात ती कथा मी घेतली नाही. सध्या दुसरी लिहितेय. तीही पूर्व भागातलीच, त्या मुलीला विचारून. यात बाईचं काही लपलेलं नाही, नवऱ्याने मारलंय हे पहिल्याच पानावर आहे. शेजारचे तिघे पोलिसांना सांगतात, यंत्रमागांच्या खडखडाटात काही ऐकूच आलं नाही. आणि फौजदाराच्या हाती वीज मंडळाच्या वहीतली नोंद लागते. त्या रात्री साडेनऊ ते अकरा लाइट नव्हती. गल्लीतले सगळे माग बंद होते.