नाकारलेली जीपीएस फाइल ‘पास’ करून घेण्याच्या सहा उपायांचा प्रतिवाद

विदर्भातल्या सर्व्हेअर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘ऑनलाइन प्रोसेसिंगला पाठवलेली जीपीएस फाइल रिजेक्ट झाली? हे सहा उपाय करा, शंभर टक्के पास.’ उपाय थोडक्यात असे: अँटेनाचे नाव यादीत सापडत नसेल तर यादीतले कोणतेही नाव टाका आणि उंचीबाबत शंका असल्यास शून्य टाका, पहिल्या ओळीतला ३.०४ हा आवृत्तीचा आकडा खोडून २.११ लिहा, वेळ कमी पडल्यास दोन फाइली जोडा, निरीक्षण रात्री बाराच्या आत संपवा, तारीख चुकली असेल तर हेडरमध्ये बदला, आणि एवढे करूनही फाइल परत आली, तर परदेशी सर्व्हर भारतातला डेटा मुद्दाम नाकारतात असे समजून दुसरा सर्व्हर शोधा. माझा भाचा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड पूर्ण करून नागपूरजवळच्या एका रस्त्याच्या कामावर नुकताच रुजू झाला आहे. त्याला हा संदेश साइटवरच्या वरिष्ठांनीच पाठवला आणि ‘मामा, हे करून बघू का?’ असे त्याने मला विचारले. शिकाऊ मुलांपर्यंत हे असे पोहोचत असेल, तर त्याचे उत्तर सविस्तर दिलेच पाहिजे.

आधी एक मूलभूत गोष्ट. एका जागी रिसीव्हर ठेवून घेतलेली उपग्रहांची मोजमापे आपण ऑनलाइन सेवेला पाठवतो आणि ती त्या जागेचे नेमके स्थान व उंची काढून देते. आपण पाठवतो ती राइनेक्स फाइल असते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरमधला डेटा एकत्र वापरता यावा म्हणून १९८९ मध्ये बर्न विद्यापीठात वर्नर गुर्टनर यांनी या स्वरूपाची मांडणी केली. तिचे दोन भाग असतात: वरचा हेडर, आणि त्याखाली प्रत्येक क्षणाची उपग्रहनिहाय मोजमापे. हेडर हे खालच्या मोजमापांचे वर्णन आहे. वर्णन बदलल्याने मोजमाप बदलत नाही, आणि या संदेशातले बहुतेक उपाय नेमके तेच विसरतात.

सर्वांत घातक उपाय पहिला. नाव जुळले की फाइल स्वीकारली जाते हे खरे आहे, आणि धोका तिथेच आहे. उपग्रहाचा सिग्नल अँटेनाच्या ज्या विद्युत केंद्रावर मोजला जातो, ते केंद्र अँटेनाच्या तळाशी नसते. तळापासून ते किती वर आहे हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते आणि दोन्ही फ्रिक्वेन्सींसाठीही वेगळे असते. सेवा हा फरक आपल्याकडील कॅलिब्रेशनच्या तक्त्यातून घेते आणि तक्त्यातली ओळ हेडरमधल्या नावावरूनच निवडते. म्हणजे दुसऱ्याच मॉडेलचे नाव टाकणाऱ्याने दुसऱ्याच अँटेनाची दुरुस्ती आपल्या मोजणीला लावून घेतलेली असते. अमेरिकेच्या नॅशनल जिओडेटिक सर्व्हेची ओपस ही सेवा आपल्याकडचे अनेक जण वापरतात. अँटेना चुकीचा निवडल्यास उंचीत १० सेंटिमीटरपर्यंत आणि आडव्या स्थानात १ सेंटिमीटरपर्यंत चूक येऊ शकते, असा इशारा तिच्या सूचनांमध्येच दिलेला आहे. संदेश लिहिणाऱ्याने सेवेचे ते एक पान वाचले असते, तरी हा उपाय त्याने लिहिला नसता.

याहून वाईट म्हणजे ही चूक अहवालात दिसत नाही. ती प्रत्येक बेसलाइनमध्ये, म्हणजे आपला बिंदू आणि एखादे ज्ञात स्थानक यांना जोडणाऱ्या रेषेत, जवळजवळ सारखीच येते, त्यामुळे उत्तरे एकमेकांशी जुळतात, अहवालातले आकडे देखणे दिसतात आणि तपासणारा अभियंता निर्धास्त होतो. समजा, १:५००० उताराच्या कालव्याचा एक टप्पा अशा बेसवरून, म्हणजे संदर्भबिंदूवरून, आखला आणि पुढचा टप्पा दुसऱ्या एजन्सीने योग्य बेसवरून आखला. जिथे दोन्ही टप्पे मिळतात, तिथे दहा सेंटिमीटरची पायरी निघेल. त्या उतारावर दहा सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर कालव्याची संपूर्ण उतरण. ज्याच्या शेतात पाणी पोहोचणार नाही, त्याला हेडर म्हणजे काय हे ठाऊकही नसेल.

मग नाव सापडत नसेल तर काय करावे? हेडरमध्ये अँटेनाच्या नावासाठी २० अक्षरांची जागा असते: पहिली १६ मॉडेलसाठी आणि शेवटची ४ अँटेनावरच्या संरक्षक घुमटाच्या संकेतासाठी. अनेकदा मॉडेल बरोबर असते, पण घुमट नसल्याचा संकेत एखाद्या स्पेसने सरकलेला असतो आणि तेवढ्यावरून नाव ओळखले जात नाही. दुसरे असे की, आपल्याकडे कमी किमतीत मिळणारे काही रिसीव्हर मूळ उत्पादकाचेच असून वेगळ्या ब्रँडखाली विकले जातात. अशा वेळी विक्रेत्याकडून मूळ मॉडेलचे नाव आणि ते तेच असल्याची खात्री लेखी मागावी. तेही मिळाले नाही, तर त्या अँटेनाने नेमकी उंची लागणारा बेस बांधू नये.

अँटेनाच्या उंचीबाबत संदेश ‘शंका असल्यास शून्य टाका’ असे सांगतो. शून्य टाकल्यावर मिळणारे स्थान जमिनीतल्या खुंटीचे नसून ट्रायपॉडवरच्या अँटेनाचे असते, म्हणजे उंचीत साधारण दीड मीटरची चूक. खुंटीपासून अँटेनाच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलेली उंची तिरकी असते. ती १.६०० मीटर आणि कडेची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर उभी उंची १.५९७ मीटर भरते. त्यातून कडेवरची खूण आणि अँटेनाचा तळ यांतले अंतरही वजा करावे लागते, आणि तो आकडा रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत असतो. फील्डबुकमध्ये मोजलेला आकडा, तो तिरका की उभा, आणि कुठल्या खुणेपर्यंत, या तिन्ही गोष्टी लिहिल्या असतील तर शंकेला जागाच उरत नाही.

दुसरा उपाय वाचून तर हात कपाळावर जातो. राइनेक्सच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत फरक केवळ आकड्याचा नाही. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक क्षणाच्या ओळीतच उपग्रहांची यादी येते आणि एका ओळीत जास्तीत जास्त बारा उपग्रह मावतात. तिसऱ्या आवृत्तीत तो क्षण बाणासारख्या चिन्हाने सुरू होतो आणि प्रत्येक उपग्रहाला स्वतंत्र ओळ मिळते. मोजमापांचे संकेतही दोन अक्षरांऐवजी तीन अक्षरांचे होतात. वरचा आकडा बदलला की वाचणारी प्रणाली खालच्या ओळी चुकीच्या नियमाने वाचू लागते. सेवेला जुनी आवृत्ती हवी असेल, तर रिसीव्हरच्या मूळ फाइलवरून कन्व्हर्टरमध्ये ती आवृत्ती निवडून फाइल नव्याने काढावी. दोन मिनिटांचे काम आहे.

रात्री बाराचा मुद्दा नागपूरच्या माणसाने नीट समजून घ्यावा, कारण इथे तो रोज आडवा येतो. या फाइलींचा दिवस भारतीय वेळेने बदलत नाही. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तो बदलतो. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात जाते, म्हणून आपले गट पहाटे पाचलाच ट्रायपॉड लावतात. रिसीव्हर साडेपाचला फाइल तोडतो आणि सात वाजता काम आटोपले की हातात अर्ध्या तासाची एक आणि दीड तासाची एक अशा दोन फाइली येतात. ओपसच्या स्थिर निरीक्षणाच्या पद्धतीला दोन ते ४८ तासांची फाइल लागते, त्यामुळे दोन्ही परत येतात. रात्री बाराची काळजी घेणाऱ्याला हे कारण कधीच सापडणार नाही.

इथे तिसऱ्या उपायातले अर्धसत्य मान्य करावे लागते. ट्रायपॉड हलवला नाही, उंची तीच आहे आणि फाइल केवळ दिवस बदलल्यामुळे तुटली आहे, तर ते दोन तुकडे जोडणे पूर्णपणे योग्य आहे. पहाटे साडेपाचचा हा दिवसबदल एकदा ओलांडलेली फाइल ओपस स्वीकारते. परंतु काल संध्याकाळचा एक तास आणि आज पुन्हा ट्रायपॉड लावून घेतलेला एक तास जोडणे म्हणजे दोन वेगळ्या उंचींवर एकच आकडा लादणे होय. संदेशात हा भेद कुठेही नाही.

तारखेच्या उपायाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जीपीएसचा आठवड्यांचा मोजक ६ एप्रिल २०१९ रोजी १०२४ आठवडे पूर्ण करून पुन्हा शून्यावर आला आणि जुन्या फर्मवेअरचे (रिसीव्हरमधल्या अंतर्गत प्रणालीचे) काही रिसीव्हर तेव्हापासून सुमारे १९.६ वर्षे मागची तारीख देतात. सेवा त्या जुन्या दिवसाच्या उपग्रहकक्षा शोधते आणि गणित जुळत नाही. हेडरमधली तारीख बदलली, तरी खाली प्रत्येक क्षणाला ती पुन्हा लिहिलेली असते. त्यामुळे फर्मवेअर अद्ययावत करणे किंवा योग्य आठवडा देऊन फाइल पुन्हा काढणे हाच मार्ग आहे.

राहिला परदेशी सर्व्हरचा आरोप. ऑस्ट्रेलियाची ऑसपॉस आणि कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी या सेवा जगभरातला डेटा स्वीकारतात, आणि बेंगळुरू व हैदराबाद इथली स्थानके आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (उपग्रहाधारित स्थाननिश्चिती) सेवेच्या जाळ्यात आहेत. ओपसची पंधरा मिनिटे ते दोन तासांची जलद पद्धत मात्र अमेरिकेतल्या दाट स्थानकांवर उभी असल्यामुळे नागपूरची छोटी फाइल तिथे चालत नाही. त्यामागे आकस नसून जवळ स्थानके नसणे हे कारण आहे. तरीही या मुद्द्याच्या आसपास एक खरी गोष्ट आहे आणि ती संदेशाने सांगायला हवी होती. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे आडव्या दिशेत एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांहून, अधिक अचूक डेटाची साठवण आणि प्रक्रिया भारतातच व्हावी लागते. बेस बांधण्याचे काम या मर्यादेच्या कितीतरी आत असते. म्हणून फाइल बाहेर पाठवण्यापूर्वी कामाच्या निविदेतली अट वाचावी, वरिष्ठांकडून लेखी विचारणा करून घ्यावी आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संदर्भ स्थानकांच्या, जाळ्यातल्या जवळच्या स्थानकाचा डेटा घेऊन आपल्याच संगणकावर प्रक्रिया करण्याचा पर्याय आधी तपासावा. भाच्याला मी हेच सांगितले आहे, आणि रिसीव्हरमधली मूळ फाइल न उघडता वेगळी जपून ठेवण्यासही सांगितले आहे.