राग ऐकून लकवा बरा होतो? नाही. पण गाण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे

मुंबईतल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: अंगावरून वारं गेलेल्या माणसाला रोज पहाटे ४५ मिनिटं ठरावीक राग ऐकवले की मेंदूतल्या मेलेल्या पेशी जिवंत होतात, मग व्यायामाची गरज नाही. पुरावा म्हणून, संगीतकारांचा मेंदू बदलतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्याचं सांगितलं आहे. गाणं उजव्या मेंदूत असतं, म्हणून डावा गेला तरी उजवा सगळं सांभाळतो. ज्याला गाता येतं त्याला बोलता येणारच. वाद्य वाजवणाऱ्याला लकवा होत नाही. लकव्याचा झटका (स्ट्रोक) आला की आधी शांत संगीत लावून झोपवावं. आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर पुढे काहीच होत नाही.

आम्ही फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार करणारी माणसं. यातल्या बऱ्याच वाक्यांत खऱ्याचा एखादा तुकडा आहे, त्यामुळे सगळं खोटं म्हणून मोकळं होता येत नाही. क्रम मात्र आम्ही बदलतो. जिवावर बेतणारा मुद्दा आधी.

"झटका आला की आधी शांत संगीत लावून झोपवा"

हे अजिबात करू नका. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उचललेला हात खाली येऊ लागला, बोलणं अडखळलं किंवा असंबद्ध झालं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर लगेच १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून घ्या, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. मेंदूचा रक्तपुरवठा अडवणारी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. अशी मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात.

घरात उरलेली ॲस्पिरिन देऊ नका. बहुतेक झटके गुठळीचे असले तरी काही रक्तस्रावाचे असतात, आणि ते सीटी स्कॅनशिवाय ओळखता येत नाही. पाणीही पाजू नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर घोट फुप्फुसात जातो. मुंबईच्या रहदारीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. निघण्यापूर्वी फोन करून विचारा की सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि गुठळीचं इंजेक्शन मिळेल का. जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेऊन तिथून पुन्हा हलवण्यात तास-दीड तास सहज जातो.

"राग ऐकवले की मेलेल्या पेशी जिवंत होतात"

नाही होत. रक्त न पोचून मेलेला मेंदूचा भाग परत येत नाही, काही महिन्यांनी तिथे पाण्याची पोकळी दिसते. सुधारणा होते ती दुसऱ्या वाटेने. सूज ओसरते, अर्धवट उपाशी राहिलेल्या पेशी सावरतात आणि शिल्लक भाग आपापसांत नव्या जोडण्या करून काम वाटून घेतो. पहिल्या काही आठवड्यांत ही सुधारणा आपोआप वेगाने होते. त्या काळात माणसाने राग ऐकले, काढा घेतला किंवा नुसता रेडिओ लावला, तरी श्रेय त्यालाच मिळतं. "आमच्या काकांना फरक पडला" हे अगदी खरं असतं. फक्त तो रागांमुळे पडला हे त्यावरून ठरत नाही.

मग ऐकण्याचा उपयोग शून्य का? तेही नाही. २००८ साली हेलसिंकीत झालेल्या अभ्यासात ताज्या झटक्याच्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिपुस्तकं, तिसऱ्याने काहीच नाही. तीन महिन्यांनी संगीताच्या गटाची शब्दांची स्मरणशक्ती ६० टक्क्यांनी वाढली होती, उरलेल्या दोघांची १८ आणि २९. लक्ष एकाग्र करणंही सुधारलं आणि मन कमी उदास राहिलं. यात दोन गोष्टी निसटून जातात. संगीत ज्याच्या त्याच्या आवडीचं होतं, कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. आणि तिन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. म्हणून वडिलांना दरबारी आवडत असेल तर दरबारी लावा, लावणी आवडत असेल तर लावणी. व्यायामाची वेळ कापून मात्र नको, आणि खोलीत दिवसभर पार्श्वभूमीला वाजत ठेवणं तर नकोच. मेंदू थकलेला असताना सततच्या आवाजात समोरच्याचं बोलणं कळणं आणखी अवघड जातं.

"संगीतकारांचा मेंदू बदलतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे"

हो, केलं आहे. १९९५ मध्ये दिसलं की तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना जास्त जागा मिळालेली असते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, सातव्या वर्षाआधी शिकायला लागलेल्या वादकांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग मोठा आढळला. पण हे बदल वर्षानुवर्षांच्या रियाजाशी जोडलेले आहेत: तीच हालचाल, चूक लगेच कानावर येणं, पुन्हा दुरुस्ती. मजकुरात यावरून थेट ऐकण्यावर उडी मारली आहे, आणि सगळी गडबड तिथेच आहे. शिवाय बदल म्हणजे चांगलाच बदल असंही नाही. सुमारे एक टक्का व्यावसायिक वादकांची बोटं वाद्यावर आपोआप वळू लागतात, कारण अतिसरावाने शेजारच्या बोटांच्या मेंदूतल्या जागा एकमेकींत मिसळतात.

"गाणं उजव्या मेंदूत, म्हणून गाता येतं त्याला बोलता येणारच"

इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण वाचा गेलेल्यांच्या घरी सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त वेळ याच वाक्यापायी खर्च होतो.

निरीक्षण जुनं आणि खरं आहे. बोलता न येणारा माणूस प्रार्थना गाऊ शकतो, अशी नोंद स्वीडनमध्ये १७४५ सालची आहे. सोव्हिएत संगीतकार शेबालिन यांची वाचा झटक्यांनी जवळजवळ गेली, तरी ते संगीतरचना करत राहिले. पण म्हणून गाणं फक्त उजवीकडे राहत नाही. ताल सांभाळायला दोन्ही बाजूंचे भाग आणि लहान मेंदू लागतो, आणि झटक्यानंतर बऱ्याच जणांचं सूर-ताल ओळखणंच बिघडतं. अशा माणसाला आवडतं गाणं बेसूर गोंगाटासारखं वाटू शकतं. तो "बंद करा" अशी खूण करत असेल तर बंद करा.

पाठ असलेली आरती, पाढे, वारांची नावं ही साखळीसारखी आपोआप बाहेर येतात. ती म्हणता आली म्हणून "मला बाथरूमला जायचंय" हे सांगता येत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत आहे. बोस्टनमध्ये १९७३ साली मांडलेली ही पद्धत स्वरांच्या चढउतारावर वाक्य बसवते. समजतं बऱ्यापैकी, पण शब्द फुटत नाहीत, अशा, मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेसाठी ती आहे. जो घडाघडा पण अर्थहीन बोलतो आणि ज्याला समोरचं कळत नाही, त्याला तिचा उपयोग नाही. निवड स्पीच थेरपिस्टनेच करायची. घरी सराव असा होतो:

वाक्य दोन-तीन शब्दांचं आणि रोजच्या गरजेचं घ्या: "पाणी हवं", "घरी जाऊ". फक्त दोन स्वर पुरेत, सा आणि कोमल ग. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर कोमल ग काळी दोनवर येतो. बोलताना आवाज जिथे सहज चढतो तिथे वरचा स्वर ठेवा. एका अक्षराला साधारण एक सेकंद द्या आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात टेबलावर हलकेच आपटा. आधी तुम्ही नुसतं गुणगुणा. मग दोघं मिळून म्हणा. मग अर्ध्यात तुम्ही गप्प व्हा आणि त्यांना पुरं करू द्या. ते जमलं की तुम्ही म्हणा, त्यांनी मागून म्हणावं. शेवटी विचारा, "काय हवं?" आणि त्यांनी त्याच चालीत उत्तर द्यावं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नको. नंतर हळूहळू स्वर काढून घेऊन साध्या बोलण्यावर यायचं.

चुका ठरलेल्या आहेत. ओळखीच्या गाण्याच्या चालीवर वाक्य बसवलं की जुनेच शब्द तोंडातून येतात. वेग वाढवला की अक्षरं गिळली जातात. नातेवाईक प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करतात. आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं करून सोडून दिलं जातं. या पद्धतीच्या सखोल अभ्यासांत आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, अशी ७५ किंवा त्याहून अधिक सत्रं होती. त्यानंतर काहींच्या उजव्या मेंदूतला भाषेशी जोडलेला तंतूंचा पट्टा जाडसर झालेला दिसला. तरीही जुन्या वाचाघातात, म्हणजे वाचा जाऊन बराच काळ लोटल्यावर, फायदा मर्यादित राहिल्याचेही अभ्यास आहेत. आणि नंतरच्या एका अभ्यासाने सुरापेक्षा लय आणि पाठ असलेले शब्दच जास्त काम करतात असं दाखवलं. आमचा कल त्याच बाजूला आहे. सूर लागत नसेल तर घाबरू नका, ठेका सोडू नका.

"व्यायामाची गरज नाही"

उलट, संगीत कामाला येतं ते व्यायामातच.

चालण्यासाठी आधी रुग्ण एका मिनिटात किती पावलं टाकतो ते मोजा. समजा ६०. मोबाइलवर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं ॲप) ६० वर लावा आणि ठोक्यावर पाऊल टाकायला सांगा. काही दिवसांनी पावलं बरोबर पडू लागली की पाच टक्के वाढवा, म्हणजे ६३. त्याच्या दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. चाळीच्या गॅलरीत चालवत असाल तर चपलांचे स्टँड आणि बादल्या आधी हलवा. पावसाळ्यात लादी ओली असेल तर त्या दिवशी घरातच. भजन लावू नका, कारण भजनाची लय शेवटाकडे चढते. रुग्ण धावायला बघतो, पाय फरफटतो आणि पडतो. तबल्याचा एकसारखा ठेका चालेल.

हातासाठी कीबोर्ड पेटीपेक्षा बरा, भाता मारावा लागत नाही. एका बोटाने एक कळ, मग शेजारच्या दोन, मग पाचही बोटांनी सा रे ग म प. ऑर्गनचा आवाज लावा, म्हणजे बोट वेळेवर उचललं नाही तर स्वर लांबतो आणि चूक त्याची त्यालाच कळते. खांदा कानाकडे चढला किंवा धड पुढे झुकलं तर थांबा. ती हाताची हालचाल नाही, ती पळवाट आहे. खांदा दुखू लागला तर त्या दिवशी बंद.

याची नेहमीच्या उपचाराशी थेट तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. हाताच्या सुधारणेत दोन्ही गट सारखेच निघाले. मग कीबोर्ड का सुचवतो? पुनरावृत्तीसाठी. २००९ च्या एका पाहणीत नेहमीच्या उपचार-सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. कीबोर्डवर मिनिटाला ३० कळा दाबल्या तर दहा मिनिटांत ३०० होतात आणि कंटाळा कमी येतो. ज्याला वाद्याची गोडी नाही त्याने वाटीत शेंगदाणे टाकले तरी चालेल.

"वाद्य वाजवणाऱ्याला लकवा होत नाही"

होतो. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके वाद्य बघून थांबत नाहीत. रक्तदाबाची गोळी रियाजाच्या भरवशावर बंद करू नका.

"सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही"

वेग मंदावतो, दार बंद होत नाही. २००६ च्या मोठ्या चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ जणांपैकी एका गटाचा चांगला हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताला दोन आठवडे कसून कामाला लावलं. हात सुधारला आणि फायदा वर्षभर टिकला. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत.

मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, वाचेसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था. जाताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि चालण्याचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ न्या. वाचा गेली असेल तर रुग्णाला दिवसभरात सांगावी लागणारी दहा वाक्यं, त्याच्या घरात जशी बोलतात तशीच, लिहून न्या. सराव त्याच वाक्यांपासून सुरू करता येतो.